सातआंब्याचं तिकीट

एखादा तरुण मुलगा वर्षातून एकसष्ट दिवस खाडा कशाचा करत असेल? नऊ दिवस हा प्रश्न माझ्या मागे लागला होता. आमच्या फुलांच्या दुकानात हार ओवताना, भाजी निवडताना, गॅसवर दूध ठेवून तिथंच उभी असताना. दूध दोनदा उतू गेलं. आज दुपारी उत्तर मिळालं. तरी मी जागीच आहे, कारण उत्तर मिळायच्या आधीच मी एक खोटं बोलून बसले आहे.

मुलाचं नाव ज्ञानेश. वय अठ्ठावीस, गाव करंजवाडी, ओझरच्या पुढे महामार्गाला लागून. ओझरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये मशीनवर काम, घरी वडिलांची पालेभाजी. माझ्या भाग्यश्रीसाठी हे स्थळ बारकूमामांनी आणलं. बारकूमामा आमच्या कुणाचेच मामा नाहीत. ते मार्केट यार्डात भाजीचा व्यापार करतात आणि मेथी-शेपूमधून वेळ मिळेल तशी लग्नं जुळवतात.

बघण्याचा कार्यक्रम आमच्या गंगापूर रोडच्या घरी झाला. मुलगा, त्याची आई सिंधुबाई आणि बारकूमामा आले. वडिलांची शेतात पाण्याची पाळी होती. मंडईत दोडका बघावा तशी मी मुलाकडे बघत होते, वळवून वळवून.

आमच्या ह्यांनी विचारलं, "गाव कोणतं म्हणालात?"

मुलानं पाण्याचा पेला उचलला. सिंधुबाई म्हणाल्या, "करंजवाडी."

"शेतात काय असतं?"

"कोथिंबीर जास्त," पुन्हा सिंधुबाईच.

"आणि तुम्ही?"

"सीएनसी मशीनवर आहे. सात वर्षं झाली." हे मात्र तो स्वतः म्हणाला. आवाज चांगला होता, भरदार. पण तेवढंच. मग पोहे आले. ते त्यानं तीनदा घेतले. दुसऱ्यांदा मी आग्रह केला होता, तिसऱ्यांदा त्यानंच डिश पुढे केली. त्यानंतर तो आणि भाग्यश्री गच्चीवर गेले, दहा मिनिटं म्हणून पंचवीस मिनिटं.

मंडळी गेल्यावर मी भाग्यश्रीला स्वयंपाकघरात गाठलं. "आवडला ना? जरा गुम्मच वाटतो पण. आणि खादाड. असू दे, शांत आहे ते बरंच आहे."

"आई, त्यानं मला गच्चीवर—"

"पत्रिका येऊ दे आधी," मी म्हणाले आणि कुकर लावला.

पत्रिका मंगळवारी आली. बारकूमामा दुकानात पिशवी ठेवून गेले. पत्रिकेला घडी पडू नये म्हणून सिंधुबाईंनी घरातली सगळ्यात कडक वस्तू शोधली होती, आणि ती निघाली मुलाची २०१९ सालची डायरी. बियाण्यांच्या दुकानदारानं वाटलेली, वर टोमॅटोचं चित्र. पत्रिका मार्चच्या पानांत होती. सिंधुबाईंना वाचता येत नाही, हे मला बारकूमामांकडून नंतर कळलं. त्यांच्या लेखी ती डायरी नव्हतीच, नुसता पुठ्ठा होता.

मी पत्रिका काढून बाजूला ठेवली आणि मार्च वाचायला लागले. मग जानेवारीपासून सुरुवात केली.

दुसऱ्याची डायरी वाचू नये हे मला कळतं. मी बी.ए. झालेली बाई आहे. पण मला एक मोठी बहीण आहे, छायाताई. तिला मालेगावला दिली तेव्हा आमच्या आबांनी जाऊन चौकशी केली होती. घर पाहिलं, दुमजली होतं. विहीर पाहिली, पाणी होतं. मुलाचे काका, मामा, आत्या, सगळ्यांची नावं विचारली. तो माणूस सकाळी उठून काय करतो, कामावर रोज जातो का, संध्याकाळी कुठं उतरतो, हे कुणी विचारलं नाही. लग्नानंतर छायाताईचे फोन यायचे ते एकाच वाक्यानं सुरू व्हायचे: "आज पण ह्यांचा खाडा." कामाला खाडा, घराला खाडा. दारूला तेवढा नव्हता. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की चौकशी करायची तर माणसाच्या दिवसाची करावी. आणि इथं एका मुलाचे तीनशे पासष्ट दिवस आपण होऊन माझ्या घरी चालत आले होते.

दिवस तसे साधेच होते. बावीस वर्षांचा मुलगा, रोज चार-पाच ओळी, बारीक आणि सरळ अक्षर.

"सातआंबे. पहिली पाळी. कॅन्टीनला उपीट. पोह्यांचा वास येत होता. वा २०."

"सातआंबे. आज पण उपीट. नव्या मशीनवर उभं केलं. साहेब म्हणाले हात चांगला आहे. वा १५."

"सकाळी तात्यांबरोबर मार्केटला. पन्नास जुड्या. मी हिरवा माल म्हणालो. व्यापारी म्हणाला, अरे हिरवा तर पोपट पण असतो, नाव सांग. सगळे हसले."

तात्या म्हणजे त्याचे वडील. डायरीत ते बरेचदा येतात, जुड्या बांधताना नाही तर मोटारीची फ्यूज बदलताना. उन्हाळ्यात तो सुट्टीच्या दिवशी शेजारच्यांचे पंखे दुरुस्त करून देतो. एका पानावर मांजरीला तीन पिल्लं झाली, दोन काळी. श्रावणात एका मित्राच्या हळदीला जातो आणि लिहितो, "नाचलो. नाचायला काही लागत नाही." चांगला मुलगा आहे, असं मला वाटायला लागायचं, आणि तेवढ्यात पान उलटावं तर—

"सातआंबे. पहिली पाळी. खाडा. सोबत मंडळी होती."

"सातआंबे. खाडा. घसा बसला."

"तात्या म्हणाले एसटीचा पास काढून टाक. पास नको. पास काढला की संपलं."

मी पेन्सिल घेतली आणि मोजले. एकसष्ट खाडे. मंडळी सोबत असली की खाडा. दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. आणि रोज कामावरून सुटल्यावर सातआंबे, जे त्याचं गावच नाही. करंजवाडीच्या अलीकडचा थांबा, हे मी बारकूमामांना आडून विचारून घेतलं. तिथून घर दोन किलोमीटर. रोज हा मुलगा आपल्या गावाआधी उतरतो आणि पास काढायला तयार नाही. पासावर गावाचं नाव लागतं, लपवाछपवी चालत नाही. आणखी काय समजायचं?

भाग्यश्रीनं मला शुक्रवारी पकडलं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डबा घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली, तर मी डायरी पोळ्यांच्या डब्यामागे लपवत होते.

"आई! हे काय?"

"चौकशी."

"ही चौकशी नाही, ही चोरी आहे. परत कर."

"करते. फक्त एक सांग. 'वा वीस' म्हणजे काय असेल? 'वा' म्हणजे वाइन तर नाही? आपल्या नाशकात काय, जिथं तिथं वाइनरी."

"वीस ग्लास वाइन पिऊन माणूस दुसऱ्या दिवशी मशीन चालवेल का?"

"मग हे बघ, खाडा. एकसष्ट वेळा."

तिनं नको नको म्हणत एक ओळ वाचलीच. "पहिली पाळी, असं लिहिलंय की. म्हणजे कामावर गेला होता."

"अर्धा दिवस असेल."

"आई, तुला उत्तर नकोय," ती म्हणाली. "तुला छायामावशीचा नवरा हवाय. तो तू कुठूनही शोधून काढशील." आणि डबा न घेताच गेली.

हे मला लागलं. शनिवारी मी बारकूमामांना फोन केला, आणि आपल्याकडे नकार जसा देतात तसा दिला. "पत्रिका जुळत नाही हो."

"आं? गुरुजींनी सांगितलं?"

"हो."

"कोणत्या गुरुजींनी?"

"आमच्या."

"बरं," बारकूमामा म्हणाले. त्यांनी अशा शंभर पत्रिका न जुळताना पाहिल्या असतील. "मग पत्रिका तेवढी धाडून द्या, ताई. त्यांना दुसरीकडं दाखवावी लागंल."

पत्रिका मी कुणालाही दाखवली नव्हती. ती फ्रिजवर, विजेच्या बिलाखाली होती. भाग्यश्रीला मी काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, खोटं तर बोललेच आहे, पण ते खऱ्या कारणासाठी बोलले एवढं तरी नक्की व्हायला हवं. बुधवारपर्यंत हे "नक्की" मला गिळायला लागलं. म्हणून आज सकाळी ह्यांना म्हणाले, पिंपळगावला एका मैत्रिणीकडे जाऊन येते, आणि डायरी पर्समध्ये घालून एसटीत बसले.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"सातआंबे."

"तिथं काय काम काढलं?" म्हणत त्यानं मशीनमधून तिकीट काढून दिलं.

सातआंब्याला आता दोनच आंबे राहिले आहेत. बाकीचे रस्ता रुंद करताना गेले असणार. एका झाडाखाली पेरूची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती. नाव विठाबाई. दुसरं कुणीच नव्हतं. मी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. अड्डा नाही, टपरी नाही, ढाबा नाही.

"मावशी, इथं जवळपास दारूचं दुकान वगैरे आहे का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला पायजे का?"

"नाही हो! चौकशी करतेय."

"दारू पिंपळगावला. हितं काय बी नाय. पेरू हायेत."

मी किलोभर पेरू घेतले. मग विचारलं, "पाच-सहा वर्षांपूर्वी एक मुलगा इथं रोज उतरायचा. करंजवाडीचा. उंच, बारीक."

"पेपरवाला?"

"पेपर विकायचा?"

"इकायचा नाय, वाचायचा. मोठ्यांदा." विठाबाईनं पेरूवरची माशी उडवली. "एसटी गेली का ह्या आंब्याखाली उभा ऱ्हायचा, पेपर उघडायचा आन सुरू. मग वाचीत वाचीतच रस्त्यानं चालू लागायचा. आमाला वाटलं डोक्यात फरक पडलाय. मी पयले पयले पाटी घेऊन लांब बसायचे. मग ऐकून ऐकून सवय झाली. पावसाचं, कांद्याच्या भावाचं, इलेक्शनचं, समदं त्याच्याकडूनच कळायचं. पन बसमधनं आनखी चार मानसं उतरली का लाजायचा. पेपर बगलंत मारून गुमान निघायचा. त्या दिशी आमाला बातम्या नाय."

सोबत मंडळी होती. खाडा. माझ्या हातातली पिशवी जड झाली.

"पण इथंच का उतरायचा? गाव तर पुढे आहे."

"मी बी तेच इचारलं एकदा. म्हनलं बाळा, तू करंजवाडीचा, मग हितं का? तर बोलंना. मान अशी वर केली, डोळे मिटले, आन क... क... तिथंच गाडी आडकली. मी म्हनलं, करंजवाडी म्हनायचंय का? तर हातानं थांब म्हनला. मी त्याचं बोलनं माझ्याच तोंडानं उरकत होते ना! मग थांबले. लय वेळ थांबले. एक एसटी आली आन गेली. मग म्हनला बघा, करंजवाडी. स्पष्ट. आन म्हनला, मावशी, कंडाक्टर एवढं थांबत नाय. सातआंबे लगेच निघतं तोंडातनं."

"मग पुढचं तिकीट काढायचं. पिंपळगावचं. आणि मध्ये उतरायचं."

"त्ये तर म्हने त्याहून अवघड."

परतीच्या बसला अर्धा तास होता. मी त्या आंब्याखाली बसूनच डायरी पुन्हा उघडली. हे वर्ष मी पेन्सिल घेऊन मोजलं होतं, पण वाचलं नव्हतं. पोह्यांचा वास येतो आणि तो उपीट घेतो, कारण उपीट म्हणता येतं. असं किती महिने? कोथिंबीर म्हणता येत नाही म्हणून हिरवा माल. 'वा वीस' म्हणजे वीस मिनिटं वाचन. आणि पास काढला की संपलं, कारण मग कंडक्टरशी बोलावंच लागणार नाही. रोज एकदा करंजवाडी म्हणायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर सातआंबे म्हणून दोन किलोमीटर चालायचं. हा सराव त्यानं स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. कुणी शिकवलेला नाही, फी नाही, डॉक्टर नाही. आणि ज्या दिवशी चुकला, त्या दिवशी आपल्याच नावापुढे खाडा मांडला. छायाताईच्या नवऱ्यानं आयुष्यात एकदाही स्वतःचा खाडा मांडला नव्हता.

मी भराभर पानं उलटत गेले. जूनमध्ये एका ठिकाणी आहे, "आईला सांगितलं, माझ्या आधी बोलत जाऊ नको. ती रडली. म्हणाली, तुझं अडलेलं मला बघवत नाही." ऑक्टोबरमध्ये, "फोन सगळ्यात वाईट. समोरच्याला माझं तोंड दिसत नाही. त्याला वाटतं लाइन कट झाली. ठेवून देतात." आणि अठरा डिसेंबरच्या पानावर दोनच ओळी होत्या, वर सातआंबे नव्हतं. "करंजवाडी म्हणालो. कंडक्टरनं तिकीट दिलं, त्याला काहीच वाटलं नाही."

मला ते तीनदा घेतलेले पोहे आठवले, आणि मी भाग्यश्रीजवळ त्याला खादाड म्हणाले होते ते. त्यानं उचललेला पाण्याचा पेला आठवला. तो तहानेचा पेला नव्हता. त्याला थोडी सवड हवी होती, आणि ती सिंधुबाईंनी दिली नाही.

घरी आले तेव्हा वाटत होतं, भाग्यश्रीला कधी एकदा सगळं सांगते. ती लॅबमधून येऊन पलंगावर बसली होती. मी पेरूची पिशवी टेकवली आणि सुरुवात केली, "अगं, त्या ज्ञानेशला बोलताना—"

तिनं नुसता फोन माझ्यासमोर धरला. ज्ञानेशचा मेसेज होता, कालचा. 'पत्रिका जुळत नाही असा निरोप मिळाला. ठीक आहे. गच्चीवर छान वाटलं होतं.'

"कोणत्या गुरुजींना दाखवलीस, आई?"

मी पेरूची पिशवी पुन्हा उचलली.

"तो अडखळतो, हेच सांगायचंय ना तुला? मला माहीत आहे. गच्चीवर त्यानं पहिली गोष्ट तीच सांगितली. वेळ लागला सांगायला. मी थांबले. कपडे वाळत घातले होते ते बघत उभी राहिले. मग त्यालाच हसू आलं. म्हणाला, तुम्ही पहिल्या आहात, माझं वाक्य न चोरणाऱ्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? 'आवडला ना' हे तूच विचारलंस आणि पुढचं सगळं तूच बोललीस. मी तोंड उघडलं तर कुकर लावलास." तिचा आवाज चढला नाही, त्याचंच मला भय वाटलं. "मला तो आवडला होता. त्याला काय वाटत असेल माहितेय? त्यानं मला खरं सांगितलं, आणि सहा दिवसांत पत्रिका जुळली नाही."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो हेच समजला असणार. दुसरं काही समजायला मी जागाच ठेवली नाही.

"मी काय लिहू त्याला, आई? माझी आई खोटं बोलली?" असं म्हणून तिनं दिवा बंद केला. जेवली नाही.

तेव्हापासून मी ह्या खोलीतून त्या खोलीत करते आहे. हे एकदा उठून म्हणाले, "काय गं, पोट बिघडलं का?" मी हो म्हणाले. हेही खोटंच.

सोपा रस्ता मला दिसतो आहे. सकाळी बारकूमामांना फोन लावायचा आणि म्हणायचं, दुसऱ्या गुरुजींना दाखवली, छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले. ते काही विचारणार नाहीत. फोनवरच म्हणतील, "मग काय, सुपारी कधी फोडायची?" सिंधुबाईंना आनंद होईल. डायरी पिशवीत घालून, पत्रिका मार्चच्या पानांत ठेवून परत देता येईल, आणि मी एक अक्षर वाचलं नाही असं राहील. पण तो सगळा व्यवहार त्याच्या डोक्यावरून होईल. पुन्हा त्याच्या वाटचं कुणीतरी बोलेल आणि तो पाण्याचा पेला उचलेल.

सिंधुबाईंना फोन केला तर त्या काय म्हणतील तेही मला पाठ आहे, कारण मी असते तर तेच म्हटलं असतं: "त्याचं काही नाही हो, मी सांगते ना त्याला."

मेसेज लिहून पाहिला. दोनदा लिहिला, दोनदा पुसला. मेसेज म्हणजे माझा पास आहे. तो काढला की संपलं.

पत्रिकेच्या मागे पेन्सिलीनं त्याचा नंबर लिहिलेला आहे, त्याच बारीक सरळ अक्षरात. पहिल्या पाळीला तो साडेसहाला घरातून निघत असावा. सहाला फोन करीन. मी भाग्यश्रीची आई बोलते आहे, असं सांगीन. डायरी माझ्याकडे आहे, मी ती वाचली आहे, सगळी, आणि नकार पत्रिकेचा नव्हता, भाग्यश्रीचाही नव्हता, माझा होता, हे सांगीन. तो चिडला तर त्याचा हक्क आहे. नाही म्हणाला तर ते भाग्यश्रीला मलाच सांगावं लागेल.

आणि माझं बोलून झाल्यावर तिकडून काही ऐकू आलं नाही, तरी मी हॅलो हॅलो करणार नाही. लाइन कट झाली असं समजणार नाही. फोन कानाला लावून उभी राहीन.

पावणेसहा झालेत.